डोलोमाइट्स म्हणजे 'वर उचललेलं प्रवाळबेट'? एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

इटलीच्या ईशान्येला आल्प्सची फिकट, ताशीव कड्यांची जी रांग आहे, तिचे फोटो फिरतात तेव्हा खाली एक ठरावीक मजकूर असतो. थोडक्यात तो असा: हा सगळा पर्वत नखशिखांत डोलोमाइट या खनिजाचा आहे, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रातलं एक अवाढव्य प्रवाळबेट होता, समुद्री जीवांच्या कवचांतून डोलोमाइट तळाशी साचत गेला, डोलोम्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो शोधून काढला, आफ्रिका युरोपवर आदळली आणि समुद्रतळ उचलला गेला, मॅग्नेशियममुळे शिखरं संध्याकाळी गुलाबी पेटतात, आणि डोलोमाइट कसा बनतो हे दोनशे वर्षांचं कोडं 2023 मध्ये सुटलं.

यातल्या प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे. त्यामुळे सरसकट 'खोटं' म्हणून भागत नाही, तुकडा वेगळा काढून दाखवावा लागतो. मजकुराची मूळ चूक अशी की तो एका पर्वताला एकच खडक, एकच जन्म आणि एकच कारण देऊन मोकळा होतो.

'सगळा पर्वत डोलोमाइटचा आहे'

तपासायला हा मुद्दा सर्वांत सोपा. रांगेतलं सर्वांत उंच शिखर मार्मोलादा. तिचा पुंता पेनिया हा माथा 3343 मीटर. आणि मार्मोलादा डोलोमाइटची नाही. तिची प्रसिद्ध दक्षिण भिंत राखाडी चुनखडकाची आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्साइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची. भूवैज्ञानिक नकाशात त्या थराचं नावच 'मार्मोलादा चुनखडक' असं आहे. गिर्यारोहकांना हा फरक बोटांना कळतो: इथे घट्ट, गुळगुळीत पाट्या आणि पाण्याने कोरलेले खळगे मिळतात, तर शेजारच्या डोलोमाइटच्या कड्यांवर चौकोनी, कडेदार आणि बऱ्याचदा हलणारे पकडीचे दगड. मार्मोलादाच्या उत्तरेला, फेदाया जलाशयाच्या पलीकडे, पादोनची रांग आहे. ती काळपट आणि गवताळ दिसते, कारण ती ज्वालामुखीतून आलेल्या खडकाची आहे. रांगेतलं सर्वोच्च शिखर चुनखडकाचं आणि समोरची रांग ज्वालामुखीजन्य, इतकं पाहिलं तरी 'नखशिखांत' हा शब्द टिकत नाही.

खालून वर चढत गेलं तर पर्वताची खरी रचना दिसते. पायाशी ब्रेसानोने आणि आगोर्दोच्या बाजूला क्वार्ट्झ-फिलाइट हा रूपांतरित खडक आहे. आगोर्दोजवळच्या वाल्ले इम्पेरिना खाणीतून शतकानुशतकं तांब्याचं खनिज निघालं ते याच पायातून. ती खाण 1962 मध्ये बंद झाली. त्यावर बोल्झानोचा पॉर्फिरी. पर्मियन काळात, साधारण 28.5 ते 27.5 कोटी वर्षांपूर्वी, धगधगत्या राखेचे लोट आणि लाव्हा साचून झालेला हा रायोलाइटी खडक काही ठिकाणी दोन किलोमीटरांहून जाड आहे. उत्तर इटलीतल्या चौकांमधली लालसर-तपकिरी दगडी फरसबंदी बहुतेक याचीच. त्यावर नद्यांनी आणून टाकलेला लाल वाल गार्देना वालुकाश्म. मग जिप्सम आणि काळसर चुनखडकाचे बेलेरोफोन थर. मग पर्मियन काळाच्या अखेरीच्या महाविनाशानंतर उथळ समुद्रात साचलेले वेर्फेनचे मार्ल (चुनामिश्रित चिकणमातीचे मऊ खडक) आणि गाळखडक. फोटोतले फिकट कडे उभे राहतात ते या सगळ्याच्या डोक्यावर.

युनेस्कोने 2009 मध्ये जागतिक वारसा म्हणून डोलोमाइट्सचे जे नऊ तुकडे निवडले, त्यात ब्लेटरबाख ही घळ आहे. तिथे लोक पाहायला जातात ते पॉर्फिरी, लाल वालुकाश्म आणि त्यावरचे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे.

शिवाय मध्येच आग आहे. सुमारे 23.8 कोटी वर्षांपूर्वी प्रेदाझ्झो आणि मोन्झोनी या दोन ठिकाणी शिलारस वर घुसला आणि आतच थिजला. मोन्झोनाइट या खडकाचं नाव या मोन्झोनी डोंगरावरून आलं. शिलारसाच्या उष्णतेने आजूबाजूचा कार्बोनेट खडक भाजून संगमरवर झाला आणि त्यात व्हेसुव्हियनाइट, ब्रुसाइट, गेहलेनाइट अशी खनिजं तयार झाली. गेहलेनाइटचं जगातलं पहिलं वर्णन मोन्झोनीच्या नमुन्यावरून झालेलं आहे. प्रेदाझ्झोजवळ कान्झोक्कोली इथे 1820 मध्ये इटालियन भूवैज्ञानिक मार्झारी पेन्काती यांनी ग्रॅनाइटसारखा खडक संगमरवराच्या वर बसलेला दाखवून दिला. सगळे स्फटिकी खडक आद्य समुद्रातून सर्वांत आधी साचले असं मानणाऱ्यांची त्या वेळी मोठी पंचाईत झाली, कारण 'आधीचा' खडक 'नंतरच्या'च्या डोक्यावर कसा? दोन वर्षांनी खुद्द हुम्बोल्ट हा नामवंत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हे ठिकाण पाहायला आला. म्हणजे भूविज्ञानाच्या इतिहासात या रांगेचं जे स्थान आहे, त्याचा एक मोठा वाटा तिच्यातल्या अग्निजन्य खडकांचा आहे, आणि फिरत्या मजकुरात त्यांचा उल्लेखही नसतो.

त्याच काळातला लाव्हा झायझर आल्म या पठाराच्या परिसरात समुद्राखाली वाहिला. तिथे पाण्यात थिजलेल्या लाव्ह्याच्या उशा दिसतात, आणि लाव्ह्यातल्या पोकळ्यांत अ‍ॅनल्साइमसारखी झिओलाइटं. पुणे-नाशिककडच्या खाणींतले झिओलाइटचे गुच्छ पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल. फक्त हा लाव्हा आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा साडेतीन पट जुना आहे.

फोटोत जे भुलवतं, म्हणजे खाली हिरवं कुरण आणि त्यातून एकदम उभा सुळका, ते या सरमिसळीमुळेच आहे. कडा कठीण कार्बोनेटचा. कुरणाखाली मऊ मार्ल, चिकणमाती आणि ज्वालामुखीची राख. मऊ थर झिजतात, माती धरतात, पाणी धरतात. वरचा कडा मात्र चिरांवरून तुटतो आणि उभाच राहतो. सेल्लाच्या भोवती कड्याच्या मध्यावर जो पट्ट्यासारखा सज्जा फिरतो, तोही असाच: खाली कास्सियान डोलोमाइट, वर मुख्य डोलोमाइट आणि दोहोंमध्ये मऊ थरांची पातळ पट्टी. कोर्वारा आणि कोर्तिना परिसरातल्या संथ सरकणाऱ्या भूस्खलनांचं मूळही या मऊ थरांत आहे. पूर्ण पर्वत डोलोमाइटचा असता तर ना ती कुरणं असती, ना ती सरकती जमीन.

दगड हातात असेल तर तपासायचं कसं

'डोलोमाइट्समधून आणलेला डोलोमाइट' म्हणून जे तुकडे दाखवले जातात, त्यांत चुनखडक पुष्कळदा असतो. नुसत्या नजरेने ओळखू नये. दोन्ही फिकट, दोन्ही सुरीने ओरखडता येतात: कॅल्साइटचा कठीणपणा 3, डोलोमाइटचा 3.5 ते 4.

पहिली चाचणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची, सुमारे 10 टक्के. बाजारातलं 36-37 टक्क्यांचं आम्ल एक भाग आणि पाणी तीन भाग. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालून. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर थेंब टाकला की कॅल्साइट लगेच सळसळून फेसाळतो. डोलोमाइट जवळजवळ गप्प राहतो किंवा भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात. तोच दगड सुरीने खरवडून भुकटीवर थेंब टाकला की डोलोमाइटही फेसाळतो. ही दोन टप्प्यांची वागणूक म्हणजे डोलोमाइटची ओळख.

ही चाचणी फसते ती ठरलेल्या कारणांनी. हातोडीने फोडताना उडालेली भुकटी पृष्ठभागावर राहते आणि डोलोमाइट चुनखडकासारखा वागतो. म्हणून आधी फुंकून किंवा धुऊन घ्यावं. डोलोमाइटमध्ये कॅल्साइटच्या बारीक शिरा असतात, थेंब नेमका शिरेवर पडतो. आम्ल जास्त तीव्र किंवा उन्हात तापलेलं असतं. उलट बाजूने, चिकणमाती किंवा सिलिका भरपूर असलेला चुनखडकही मंद फेसाळतो आणि डोलोमाइट समजला जातो. एकाच तुकड्यावर चार-पाच जागी थेंब टाकल्याशिवाय निकाल लिहू नये.

कापलेला किंवा घासून सपाट केलेला पृष्ठभाग असेल तर रंगचाचणी अधिक बोलकी. 1.5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दगड दहा-पंधरा सेकंद बुडवून काढायचा. मग त्याच तीव्रतेच्या 100 मिलिलिटर आम्लात 0.2 ग्रॅम अ‍ॅलिझरिन रेड एस विरघळवून त्यात अर्धा-पाऊण मिनिट. कॅल्साइट गुलाबी ते लाल होतो, डोलोमाइट रंग घेत नाही. लातेमार या डोंगरासारख्या, चुनखडकाचा अर्धवट डोलोमाइट झालेल्या खडकात एकाच हातभर तुकड्यावर दोन्ही प्रदेश नकाशासारखे उमटतात. रंगवलेला पृष्ठभाग पुसू नये, पाण्याच्या संथ धारेखाली धरून सुकू द्यावा. रंगाचा थर इतका पातळ असतो की बोट फिरवलं तरी निघतो.

वजनावरून ओळखायचा प्रयत्न सहसा फुकट जातो. शुद्ध डोलोमाइटचं विशिष्ट गुरुत्व 2.85 च्या आसपास, कॅल्साइटचं 2.71, पण डोलोमाइट खडक बऱ्याचदा सच्छिद्र असतो आणि छिद्रांतली हवा हा फरक खाऊन टाकते.

रासायनिक अहवाल हाती असेल तर हिशेब सरळ आहे. शुद्ध डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं दुहेरी कार्बोनेट: कॅल्शियम ऑक्साइड 30.4 टक्के, मॅग्नेशियम ऑक्साइड 21.9, कार्बन डायऑक्साइड 47.7. अहवालात मॅग्नेशियम ऑक्साइड 11 टक्के असेल तर खडकात डोलोमाइट साधारण निम्मा. 90 टक्क्यांवर डोलोमाइट असेल तर डोलोमाइट खडक म्हणायचं, 10 टक्क्यांखाली चुनखडक, मधले दोन्हींच्या मिश्र नावांनी ओळखले जातात. पण प्रेदाझ्झोच्या संगमरवरावर हे सूत्र लावलं की गंडतं: तिथलं मॅग्नेशियम ब्रुसाइटमध्ये असतं, डोलोमाइटमध्ये नाही. अशा वेळी क्ष-किरण विवर्तनच हवं. तांब्याच्या क्ष-किरणांत डोलोमाइटचं मुख्य शिखर 31 अंशांच्या किंचित आत येतं, कॅल्साइटचं 29.4 अंशांवर, गफलत व्हायला जागा राहत नाही.

'ते एक अवाढव्य प्रवाळबेट होतं'

या दाव्याला वंशावळ आहे. 1860 मध्ये फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन याने दक्षिण टिरोलमधले हे एकाकी, जाड, थरहीन दिसणारे फिकट खडक म्हणजे समुद्रातल्या भित्ती (जीवांनी बांधलेले खडकाळ उंचवटे) असल्याचं मांडलं. 1879 मध्ये मोयसिसोविच याने ते तपशिलाने पुढे नेलं. त्या काळात प्रवाळद्वीपांविषयीचे डार्विनचे विचार ताजे होते आणि तुलना साहजिक होती. दोघांचं मुख्य निरीक्षण आजही टिकून आहे: उथळ माथ्याचे कार्बोनेटचे मंच खोल समुद्रातून वर वाढत होते आणि त्यांच्या कडांवरून ढिगारा 25 ते 40 अंशांच्या उतारावर घसरून साचत होता. तो उतार कातिनाच्चोच्या कड्यांवर आजही जसाच्या तसा दिसतो. टिकलं नाही ते प्रवाळ.

मुळात वेळच जुळत नाही. पर्मियन काळाच्या शेवटी, 25.2 कोटी वर्षांपूर्वी, जुने प्रवाळ नामशेष झाले. आजच्या प्रवाळांचे पूर्वज खडकांत दिसू लागतात ते पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळाच्या मधल्या भागात, काही दशलक्ष वर्षांच्या रिकाम्या काळानंतर. 'पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं प्रवाळबेट' म्हणजे नेमक्या त्या काळातलं, जेव्हा भित्ती बांधणारे प्रवाळ जगात नव्हतेच.

मधल्या ट्रायासिकमध्ये श्लेर्न, कातिनाच्चो, लातेमार, मार्मोलादा हे मंच वाढले तेव्हा बांधकामाचं मुख्य काम सूक्ष्मजीवांनी केलं. त्यांच्या चिकट थरांत आणि थरांवर कार्बोनेटचा बारीक गाळ जागच्या जागी घट्ट झाला. सोबत चुना साठवणारी शैवालं, स्पंज आणि ट्युबिफायटीस नावाचे कोड्यातले, पापुद्र्यासारखे चिकटून वाढणारे जीव. प्रवाळ होते, पण किरकोळ. आणि पोकळ्या भरणारा समुद्री सिमेंट प्रचंड प्रमाणात होता. मार्मोलादात या सिमेंटचे एकाभोवती एक असे वर्तुळाकार थर फार ठळक आहेत. अशाच थरांना एकोणिसाव्या शतकात स्टोप्पानी या इटालियन भूवैज्ञानिकाने स्पंज समजून एव्हिनोस्पॉन्जिया असं जीवाचं नाव देऊन टाकलं. ते जीव नव्हतेच. भिंतीच्या पोकळीत जमलेला कॅल्साइटचा पापुद्रा होता.

पुढच्या टप्प्यात, सान कास्सियानोच्या थरांत, प्रवाळ आणि स्पंजांच्या छोट्या भित्ती खरोखर सापडतात. कोर्तिनाच्या उत्तरेला आल्पे दी स्पेचे इथे तर प्रवाळांचा मूळ अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप) शिल्लक आहे, जो इतक्या जुन्या खडकात क्वचितच टिकतो. तो टिकला कारण भित्तीचे तुकडे चिकणमातीत गाडले गेले आणि पाण्याला आत शिरता आलं नाही. पण या भित्ती तुकड्या-तुकड्यांच्या. त्यांवरून पर्वताचं नाव ठरत नाही.

आणि सर्वांत जास्त फोटो निघतात त्या ट्रे चीमे दी लावारेदोचं काय? ते तिन्ही सुळके, पेल्मो, तोफाना, चिव्हेत्ता, ब्रेन्ता यांचे वरचे कडे 'मुख्य डोलोमाइट' या थराचे आहेत, आणि हा थर भित्तीचा नाहीच. तो भरती-ओहोटीच्या सपाट किनाऱ्याचा आणि उथळ खारकच्छाचा (किनाऱ्यालगत अडलेल्या खाऱ्या पाण्याचा) आहे. नीट पाहिलं तर सुळक्यांवर आडव्या रेषा दिसतात: एक थर पाण्याखालचा, त्यात मेगालोडॉन नावाच्या जाड शिंपल्यांचे गायीच्या खुरासारखे छेद, वर एक थर ओहोटीत उघडा पडलेला, सूक्ष्मजीवांच्या चटयांचे पापुद्रे आणि वाळून पडलेल्या भेगा असलेला, पुन्हा पाण्याखालचा. असं शेकडो वेळा, कित्येक ठिकाणी हजार मीटर जाडीपर्यंत. पेल्मेत्तोच्या पायथ्याला याच थरातून निखळून पडलेल्या एका शिळेवर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. प्रवाळभित्तीवर डायनोसॉर फेरफटका मारत नव्हते. चिखलाच्या सपाट किनाऱ्यावर मारत होते.

ट्रायासिकच्या खऱ्याखुऱ्या प्रवाळभित्ती पाहायच्या असतील तर आणखी उत्तरेला ऑस्ट्रियात, डाखश्टाइनच्या चुनखडकात जावं. त्या मुख्य डोलोमाइटच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या आहेत.

'एक' हा शब्दही चूकच. मंच अनेक होते आणि त्यांच्यामध्ये कित्येक शे मीटर खोल पाणी होतं. तिथे त्याच काळात गाठीगाठीचा चुनखडक आणि हिरवट ज्वालामुखी राख साचत होती. मंचावर आठशे मीटर थर चढत असताना शेजारच्या खोल पाण्यात जेमतेम काही दहा मीटर चढले. आज दोन शिखरांमधली दरी बहुधा अशाच एखाद्या जुन्या खोल पाण्याच्या जागी असते, कारण तिथला मऊ गाळ आधी झिजतो.

'जीवांच्या कवचांतून डोलोमाइट साचला'

इथे मजकूर अख्खा टप्पाच गाळतो. कवचं, शैवालं, सूक्ष्मजीवांचा गाळ, सिमेंट हे सगळं साचलं ते कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट म्हणून, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट म्हणून. त्याचा डोलोमाइट झाला नंतर, मॅग्नेशियम असलेलं पाणी खडकातून फिरलं तेव्हा. निम्म्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली आणि अणूंची मांडणी बदलली: कॅल्शियमचा एक पापुद्रा, मग कार्बोनेट, मग मॅग्नेशियमचा पापुद्रा, पुन्हा कार्बोनेट. या बदलात बारीक नक्षी पुसली जाते. म्हणूनच जीवाश्म शोधणारे डोलोमाइटवर वेळ घालवत नाहीत, चुनखडकाकडे किंवा चिकणमातीकडे वळतात.

यासाठी पाणी किती लागतं? एक घनमीटर निखळ डोलोमाइटमध्ये सुमारे 375 किलो मॅग्नेशियम असतं. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे 1.3 किलो. पाण्यातला शेवटचा कण काढून घेतला तरी एका घनमीटर खडकासाठी 290 घनमीटर समुद्र त्यातून जायला हवा. प्रत्यक्षात मॅग्नेशियमचा थोडाच भाग खडकात उतरतो, म्हणून आकडा याच्या कितीतरी पट. प्रश्न 'मॅग्नेशियम होतं का' हा नाहीच, समुद्रात ते भरपूर आहे. प्रश्न आहे तो एवढं पाणी खडकातून ढकललं कोणी.

याचं उत्तर शिखरागणिक वेगळं आहे. मुख्य डोलोमाइटमध्ये बदल लवकर झाला, गाळ साचत असतानाच किंवा लगेच नंतर: उघड्या किनाऱ्यावर पाणी बाष्पीभवनाने घट्ट होऊन खाली झिरपत होतं. म्हणून तो शेकडो किलोमीटर सलग आणि एकसारखा आहे. लातेमारमध्ये गोष्ट निराळी. तिथे डोलोमाइट भेगांच्या आणि ज्वालामुखी डाइकांच्या (भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींच्या) कडेने पसरतो, आणि बाजूचा खडक चुनखडकच राहतो. प्रेदाझ्झोच्या शिलारसाने तापलेली द्रावणं त्या वाटांनी वर चढली असं यातून दिसतं. मार्मोलादा का सुटली याचं एक पटणारं कारण असं दिलं जातं की ती लवकरच ज्वालामुखीजन्य खडकाखाली गाडली गेली आणि पाण्याची वाट बंद झाली.

'डोलोमाइट होताना घनफळ 13 टक्के घटतं, म्हणून तो सच्छिद्र' हे वाक्यही पाठ्यपुस्तकांतून फिरतं. हिशेब बरोबर आहे: कॅल्साइटचे दोन मोल 73.9 घनसेंटिमीटर, त्यातून झालेला डोलोमाइटचा एक मोल 64.3. पण हे तेव्हाच, जेव्हा बाहेरून कार्बोनेट अजिबात येत नाही. प्रत्यक्षात पाणी कार्बोनेटही आणतं आणि छिद्रं पुन्हा बुजवतं. सच्छिद्र डोलोमाइट आणि ठार घट्ट डोलोमाइट एकाच कड्यावर सापडतात.

'डोलोम्येने शोधला'

देओदा द डोलोम्ये याने 1791 मध्ये 'आम्लात फारसा न फेसाळणारा' चुनखडकासारखा दगड म्हणून त्याचं वर्णन छापलं; पुढच्या वर्षी निकोला-तेओदोर द सोस्यूर याने पृथक्करण करून डोलोम्येच्या नावाने त्याला ओळख दिली. पण असे दगड त्याआधी बाल्टाझार हाके आणि जोव्हान्नी आर्दुइनो यांनी 1770 च्या दशकातच नोंदवले होते. पर्वत कोणी 'शोधला' हा प्रश्नच विचित्र. तिथे लादिन भाषा बोलणारे लोक केव्हापासून राहत आहेत. रांगेला हे नाव सर्रास चिकटलं ते 1864 मध्ये दोन इंग्रज प्रवाशांचं पुस्तक आल्यावर, म्हणजे डोलोम्येला जाऊन साठाहून अधिक वर्षं झाल्यावर.

'समुद्रतळ उचलला गेला'

उचलला गेला, पण त्याआधी तो खूप खचला. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावरचा हजार मीटर जाड थर साचायचा तर तळ हजार मीटर खाली जात राहायला हवा. नाहीतर किनारा कोरडा पडून काम थांबलं असतं. पुढे ज्युरासिकमध्ये इथलं पाणी आणखी खोल झालं. समुद्राचा गाळ क्रिटेशसपर्यंत साचत राहिला. पुएझच्या पठारावर ते मार्ल आजही आहेत.

आदळणारा तुकडा होता आद्रिया नावाचा, आफ्रिकेच्या उत्तर कडेचा भाग. डोलोमाइट्स त्या आद्रियाच्याच काठावर आहेत. रांग ज्या मुख्य ढकलीने घडली ती गेल्या दोन-एक कोटी वर्षांतली, आणि दक्षिणेकडचा वाल्सुगाना विभंग (खडक जिच्यावरून सरकतात अशी मोठी भेग) जोरात सरकला तो साधारण 1.2 ते 0.8 कोटी वर्षांपूर्वी. पश्चिम आल्प्समध्ये खडक खोल गेले, भाजले आणि एकमेकांवर दुमडले. डोलोमाइट्स मात्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या विभंगांमधून जवळजवळ सपाट उचलले गेले, फारसे न तापता. ट्रायासिक मंचांचे मूळ उतार आज मोजता येतात ते याच कारणाने.

'मॅग्नेशियममुळे गुलाबी'

नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश हवेतून लांबचा पल्ला कापतो, निळा भाग वाटेत विखुरतो, उरलेला लालसर प्रकाश फिकट खडकावरून परततो. चुनखडकाची मार्मोलादाही तितकीच गुलाबी होते, आणि बर्फाची शिखरंही. दिवसाउजेडी कड्यांवर जे पिवळे-तांबूस डाग दिसतात ते लोखंडाच्या ऑक्साइडांचे, बहुतेकदा अलीकडे दरड सुटलेल्या जागी. गंमत म्हणजे डोलोम्येने आपल्या दगडाचा एक प्रकाशाचा गुण नोंदवला होता खरा: अंधारात दोन तुकडे आपटले की क्षीण चमक येते. त्याचा सूर्यास्ताशी काही संबंध नाही.

'कोडं 2023 मध्ये सुटलं'

कोडं खरं आहे. समुद्राचं पाणी डोलोमाइटसाठी अतिसंपृक्त (विरघळू शकेल त्याहून जास्त घटक असलेलं) असूनही साध्या तापमानाला तो त्यातून पडत नाही. लिंटन लँड या भूवैज्ञानिकाने 25 अंश सेल्सियसला हजारपट अतिसंपृक्त द्रावण 32 वर्षं ठेवलं. डोलोमाइट आला नाही. अडचण अशी की मॅग्नेशियमचे आयन पाण्याचे रेणू घट्ट धरून असतात, आणि स्फटिकाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम-मॅग्नेशियम चुकीच्या जागी बसले की पुढचा थर अडतो.

2023 मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या गटाने 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की द्रावण आलटून पालटून संपृक्त आणि असंपृक्त झालं तर चुकीचे बसलेले अणू आधी विरघळतात आणि वाढ पुढे सरकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, 80 अंश तापमानात, दोन तासांत सुमारे 4000 वेळा इलेक्ट्रॉनांचा झोत चालू-बंद करून (झोत पडला की पाण्यात आम्ल तयार होऊन पृष्ठभाग विरघळतो) त्यांनी सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे 300 थर, वाढवले. आधीच्या प्रयत्नांत पाचाच्या वर थर गेले नव्हते. काम उत्तम आहे, आणि भरती-ओहोटीच्या किनाऱ्यांवर डोलोमाइट का जास्त असतो याच्याशी ते जुळतंही: तिथे पाणी पावसाने पातळ आणि उन्हाने घट्ट होत राहतं.

पण हे उत्तर स्फटिकाचा पृष्ठभाग कसा वाढतो याचं आहे. लातेमारच्या भेगांतून गरम द्रावण किती काळ वाहिलं, मुख्य डोलोमाइटच्या हजार मीटर जाडीतून मॅग्नेशियम कोणत्या वाटेने फिरलं, सूक्ष्मजीवांचा वाटा किती, हे प्रश्न समस्थानिकं, द्रव-समावेश (स्फटिकात अडकलेले जुन्या द्रवाचे थेंब) आणि थरांच्या मोजमापांतूनच सोडवावे लागतात, एकेका शिखरासाठी स्वतंत्रपणे. ब्राझीलच्या लागोआ व्हेर्मेल्या या खारकच्छात सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंच्या सान्निध्यात साध्या तापमानाला डोलोमाइट तयार होताना दिसला आहे. ती वाट या चालू-बंद पद्धतीपेक्षा निराळी आहे, आणि ट्रायासिकच्या चिखलात दोन्ही एकाच वेळी चालू असायला काहीच हरकत नव्हती.